पेशीपटलातून काय जाते, काय अडते: नवशिक्यांसाठी प्रयोगांसह मार्गदर्शन

पेशीपटलाचा धडा बहुतेक विद्यार्थी तक्त्याच्या रूपात पाठ करतात: विसरण (जास्तीकडून कमीकडे पसरणे), परासरण (पटलातून पाण्याचे सरकणे), सक्रिय वहन (ऊर्जा खर्चून कमीकडून जास्तीकडे नेणे) आणि प्रत्येकापुढे एकेक उदाहरण. परीक्षेपुरते ते भागते. पण मीठ लावलेल्या काकडीला पाणी का सुटते आणि जुलाब झालेल्या मुलाला मिठासोबत साखर का द्यायची, असे दोन प्रश्न एकापाठोपाठ विचारले की तो तक्ता फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून येथे तक्त्याऐवजी तीन प्रश्न दिले आहेत. पहिला प्रश्न असा, की हा पदार्थ पटलाच्या स्निग्ध थरातून स्वतःहून पार होऊ शकतो का? दुसरा, तो पटलाच्या कोणत्या बाजूला जास्त आहे? आणि तिसरा, त्याला कमीकडून जास्तीकडे जायचे असेल, तर त्यासाठी ऊर्जा कोण पुरवते? प्रश्न याच क्रमाने विचारावेत, कारण पहिल्याचे उत्तर चुकले की पुढची दोन्ही उत्तरे निरर्थक ठरतात. प्रयोगांचे साहित्य बहुतेक घरातलेच आहे. सूक्ष्मदर्शक एकाच ठिकाणी लागेल.

पायरी १: पटलाची रचना डोळ्यांसमोर आणावी

पेशीपटलाची जाडी सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर असते, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी बारा हजारांहून अधिक पटले एकावर एक मावतील. त्याचा मुख्य घटक फॉस्फोलिपिड. या रेणूचे डोके पाण्याशी जुळवून घेते आणि त्याच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. असे असंख्य रेणू पाण्यात आले की ते आपोआप दोन थरांत रचले जातात: डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मधोमध. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळे करून पाण्यावर पसरले. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली आणि थर दोन आहेत, असा निष्कर्ष निघाला. गंमत अशी, की त्यांच्याकडून मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही त्रुटींनी एकमेकींना खोडले आणि उत्तर बरोबर आले.

या दुहेरी थरात प्रथिने रुतलेली असतात, काही आरपार, तर काही एकाच बाजूला. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हे चित्र एकत्र मांडताना एका गोष्टीवर विशेष भर दिला: पटल घट्ट नाही, प्रवाही आहे. त्याआधी दोन वर्षे फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र जोडली होती, तेव्हा ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत दोघांची प्रथिने सगळ्या पृष्ठभागावर मिसळून गेली होती. वहीत आकृती काढताना दोन समांतर रेषा ओढून थांबू नये. मधला शेपट्यांचा स्निग्ध पट्टा ठळक रंगवावा, कारण पुढची सगळी अडवणूक तोच करतो.

पायरी २: पदार्थांची वर्गवारी करावी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना नवशिक्यांची एक चूक ठरलेली असते: रेणू जितका लहान तितका तो सहज पार होणार, असे ते धरून चालतात. सोडिअमचा आयन ग्लुकोजच्या रेणूपेक्षा कितीतरी लहान असतो, तरीही स्निग्ध थरातून तो जवळजवळ जातच नाही, कारण त्याच्यावर विद्युतभार असतो आणि भोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते, जे सोडून तेलकट भागात शिरणे त्याला फार महाग पडते. आकारापेक्षा स्वभाव पाहावा. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल आणि स्टेरॉइड गटातील संप्रेरके थेट पार होतात. पाणी थोडेफार पार होते. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले जवळजवळ अडतात, आणि सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड हे आयन तर पूर्णच अडतात, असे धरायला हरकत नाही.

ही अडवणूक प्रत्यक्ष पाहायची असेल तर बीट घ्यावे. बीट सोलून त्याचे साधारण १ सेंटिमीटरचे सारखे तुकडे करावेत. कापताना ज्या पेशी फाटतात त्यांचा रंग आधी काढून टाकायला हवा, म्हणून ओघळणारे पाणी जवळजवळ स्वच्छ होईपर्यंत तुकडे नळाखाली धुवावेत. ही पायरी गाळली, तर पुढे जो रंग दिसेल तो सुरीने काढलेला की उष्णतेने, हे सांगता येणार नाही. मग एका ग्लासात साधे पाणी, दुसऱ्यात सुमारे ५० अंशांचे, तिसऱ्यात ७० अंशांचे पाणी आणि चौथ्यात अल्कोहोलयुक्त पातळ सॅनिटायझर घेऊन प्रत्येकात सारखेच तुकडे टाकावेत आणि पंधरा मिनिटे थांबावे. सॅनिटायझर पेट घेणारा असल्यामुळे तो ग्लास शेगडीपासून लांब ठेवावा.

साध्या पाण्यात जेमतेम गुलाबी छटा येते, ७० अंशांच्या पाण्यात रंग गडद उतरतो आणि सॅनिटायझरमध्येही तो चांगलाच उतरतो. बिटाचा रंग पेशीच्या मधल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे पिशवीसारख्या कप्प्यात, साठलेला असतो आणि तो पाण्यात विरघळणारा असल्यामुळे स्निग्ध थर ओलांडू शकत नाही. बाहेर यायला त्याला रिक्तिकेचे पटल आणि पेशीपटल अशी दोन पटले पार करावी लागतात. उष्णतेने पटलातील प्रथिने विस्कटतात, अल्कोहोलने मेदाचा थर मोडतो, आणि मगच रंग सुटतो. प्रयोगवहीत हे ‘वहन’ म्हणून नोंदवू नये. ही पटल मोडल्यानंतरची गळती आहे, आणि पटल शाबूत असताना ते किती काटेकोरपणे अडवत होते, याचा तो पुरावा आहे.

पायरी ३: पाणी कोणत्या दिशेने जाते ते बटाट्यावर मोजावे

परासरणासाठी शाळांच्या प्रदर्शनात हमखास व्हिनेगरमध्ये ठेवलेले अंडे दिसते. कवच विरघळते, अंडे पाण्यात फुगते, साखरेच्या पाकात आकसते. दिसायला ते छानच आहे. मात्र कवच गेल्यावर उरणारे आवरण हे प्रथिनांच्या धाग्यांचे जाळे असते, पेशीपटल नव्हे. बटाटा त्या मानाने प्रामाणिक आहे, कारण त्यात खऱ्या, जिवंत पेशी असतात आणि निकाल वजनात मोजता येतो.

एकच मोठा, ताजा बटाटा सोलून त्याच्या ५ सेंटिमीटर लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या पाच पट्ट्या कापाव्यात. साल ठेवू नये, कारण ती पाणी जाऊ देत नाही. पाच वाट्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी घेऊन एकीत काहीच घालू नये आणि उरलेल्या चारींत अनुक्रमे अर्धा, १, २ आणि ५ ग्रॅम मीठ विरघळवावे. छोटा डिजिटल वजनकाटा असल्यास उत्तम. प्रत्येक पट्टी टिपकागदाने हलकेच टिपून तिचे वजन नोंदवावे, वाटीत पूर्ण बुडेल अशी ठेवावी आणि दोन तासांनी पुन्हा तशीच टिपून वजन करावे. दोन्ही वेळा टिपण्याचा जोर सारखा हवा. एकदा दाबून आणि एकदा नुसते फिरवून टिपले, तर वजनातला खरा फरक त्यातच बुडतो. पट्ट्या रात्रभर ठेवू नयेत. त्या नासू लागतात आणि मेलेल्या पेशींचे पटल काहीच सांगत नाही.

वजनातील फरक टक्क्यांत काढावा: शेवटच्या वजनातून आधीचे वजन वजा करून, आलेल्या संख्येला आधीच्या वजनाने भागून १०० ने गुणावे. ५ ग्रॅमची पट्टी ५.४ ग्रॅम झाली, तर वाढ ८ टक्के. आडव्या अक्षावर मिठाचे प्रमाण आणि उभ्या अक्षावर हा टक्का घेऊन आलेख काढला, की रेषा एका ठिकाणी शून्याला छेदते. बटाट्यासाठी ही जागा साधारण १ टक्का मिठाच्या आसपास येते, तरी बटाटा किती जुना आहे आणि कुठे साठवला होता त्यानुसार ती सरकते. त्या बिंदूला बाहेरचे द्रावण समपरासारी असते, त्याहून पातळ ते अवपरासारी आणि दाट ते अतिपरासारी. ५ टक्क्यांच्या वाटीतील पट्टी दोन बोटांत धरून वाकवून पाहावी. ती मोडत नाही, लवते. साध्या पाण्यातली पट्टी मात्र काड्कन तुटते.

मीठ लावलेल्या काकडीचे उत्तर इथेच मिळते. मिठाचे आयन पटलातून आत जाऊ शकत नाहीत, पण पाणी जाऊ-येऊ शकते. विरघळलेल्या कणांमुळे बाहेरच्या बाजूला मोकळ्या पाण्याचे प्रमाण घटते आणि पाणी आतून बाहेर सरकते. म्हणून कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळी घालतात. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा: परासरणात कणांचे वजन नव्हे, तर संख्या मोजली जाते. मिठाच्या एका एककाचे पाण्यात दोन आयन होतात आणि साखरेचा रेणू मिठाच्या सुमारे सहापट जड असतो, त्यामुळे १ ग्रॅम मिठातून १ ग्रॅम साखरेच्या तुलनेत जवळजवळ बारा पट कण मिळतात. लोणचे टिकवायला जेवढे मीठ पुरते तेवढ्या साखरेत मुरांबा टिकत नाही, त्याचे मोठे कारण हेच.

पायरी ४: पटल भिंतीपासून सुटताना पाहावे

शाळेचा सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर जांभळा कांदा किंवा ऱ्हीओचे पान घ्यावे. ऱ्हीओच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. पान तिरके फाडले की तिची पातळ साल निघते. साल काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून वर काचझाकण ठेवावे आणि आधी कमी, मग जास्त वर्धनाखाली पाहावे: जांभळा रंग पेशीच्या चौकटीत काठोकाठ भरलेला दिसतो. आता काचझाकणाच्या एका कडेला ५ टक्के मीठपाण्याचा थेंब ठेवून दुसऱ्या कडेला टिपकागद लावावा, म्हणजे पाणी ओढले जाऊन मीठपाणी आत सरकते. काही मिनिटांतच जांभळा भाग आकसून पेशीभित्तिकेपासून सुटू लागतो, आधी कोपऱ्यांतून आणि मग सर्व बाजूंनी. हे रसाकुंचन. लगेच त्याच पद्धतीने साधे पाणी आत ओढले, तर रंग पुन्हा चौकट भरतो, आणि पेशी जिवंत असल्याची खात्री पटते. या प्रयोगात आयोडीन वापरू नये. रंग छान चढतो, पण पेशी मरतात आणि मग काहीच आकसत नाही.

प्राण्यांच्या पेशींना भित्तिका नसते, त्यामुळे तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात फुगून फुटते. रक्तावरचे प्रयोग घरी करू नयेत. त्याचे उत्तर सलाईनच्या बाटलीवरच छापलेले असते. ०.९ टक्के मीठ, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, हे प्रमाण रक्तपेशीला समपरासारी असते. बाटलीतले ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, तेही जवळपास तसेच. पण शरीरात गेल्यावर पेशी त्यातले ग्लुकोज शोषून वापरतात आणि मागे केवळ पाणी उरते. द्रावण बाटलीत कसे आहे यापेक्षा त्यातले कण पटलाबाहेर टिकतात की नाही, यावर पेशीचे फुगणे-आकसणे अवलंबून असते. हा मुद्दा पाठ्यपुस्तकांत फार थोडक्यात उरकला जातो.

पायरी ५: अडलेल्यांसाठी असलेल्या वाटा ओळखाव्यात

स्निग्ध थराने अडवलेल्या पदार्थांसाठी पटलात प्रथिनांच्या वाटा असतात. त्या दोन प्रकारच्या. एक वाहिनी, जी उघडी असताना ठरावीक कण सलग वाहू देते. दुसरा वाहक, जो एका बाजूने रेणू धरतो, आपला आकार बदलतो आणि दुसऱ्या बाजूला सोडतो. पाण्यासाठीच्या ॲक्वापोरिन या वाहिनीचा शोध पीटर ॲग्रे यांनी लावला. अशा एकाच वाहिनीतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात. पोटॅशिअमच्या वाहिनीची रचना रॉडरिक मॅकिनन यांनी उलगडली, आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले.

वाहक ओळखण्याची खूण आलेखात सापडते. साध्या विसरणात बाहेरचे प्रमाण वाढेल तसा वेग सरळ रेषेत वाढतो. वाहक असेल तर एका मर्यादेनंतर रेषा आडवी होते, कारण सगळे वाहक गुंतलेले असतात. स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोजचा वाहक ग्लूट-४ आहे. तो एरवी पेशीच्या आत पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्याच छोट्या पिशव्यांमध्ये, असतो आणि इन्सुलिनचा संदेश आला की त्या पुटिका पटलाला मिळतात. पुटिकांच्या याच पद्धतीने मोठे रेणू बाहेर टाकले जातात किंवा पटल आत वळवून घेतले जातात. पेशीय भक्षण आणि पेशी उत्सर्जन ही त्याचीच नावे. नवशिक्याने तूर्त एवढे जाणले तरी चालेल.

पायरी ६: ऊर्जेचा हिशेब मांडावा

पेशीबाहेर सोडिअम लिटरला सुमारे १४५ मिलिमोल, तर आत १० ते १५. पोटॅशिअमचे नेमके उलट: आत सुमारे १४०, बाहेर ४ ते ५. हा फरक टिकवायचा म्हणजे उताराच्या विरुद्ध, कमीकडून जास्तीकडे, सतत काम करणे आले. ते करणारे प्रथिन डेन्मार्कच्या जेन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत ओळखले आणि त्याबद्दल त्यांना १९९७ च्या नोबेलचा वाटा मिळाला. हा पंप एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) एक रेणू खर्चून ३ सोडिअम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशिअम आत घेतो. विश्रांतीतल्या शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा एवढ्या एका कामावर जातो.

हा पंप किती निकडीचा आहे, हे महामार्गांच्या दुभाजकांवर लावलेली कण्हेर सांगते. कण्हेरीतील विष नेमके याच पंपाला अडवते. त्यामुळे हृदयाच्या पेशींतील आयनांचा तोल ढळतो आणि ठोके बिघडतात. म्हणूनच तिची पाने-फुले मुलांच्या आणि गुरांच्या तोंडी जाऊ देऊ नयेत.

पायरी ७: तिन्ही प्रश्न जलसंजीवनीला लावावेत

जलसंजीवनी म्हणजे जुलाबात द्यायचे मीठ-साखरेचे पाणी; सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. ग्लुकोज स्निग्ध थरातून जात नाही, सोडिअमही जात नाही. आतड्याच्या आतल्या बाजूच्या पेशींत एसजीएलटी-१ नावाचा वाहक असतो, जो दोन सोडिअम आणि एक ग्लुकोज बरोबरच आत घेतो. एकटे सोडिअम आणून भागत नाही. सोडिअम उताराने येतो आणि त्याच्या जोरावर ग्लुकोज चढावरही येऊ शकते. येथे एटीपी थेट खर्च होत नाही. खर्च झालेला असतो तो पेशीच्या दुसऱ्या बाजूच्या पंपाने, ज्याने आतले सोडिअम कमी ठेवून हा उतार तयार केला. सोडिअम आणि ग्लुकोज आत आले की त्यांच्यामागे पाणी येते. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली.

कॉलऱ्याचे विष आतड्याच्या पेशींतील क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या ठेवते. क्लोराइड आतड्यात उतरते, मागोमाग सोडिअम आणि पाणी. पण एसजीएलटी-१ मात्र शाबूत राहतो. जलसंजीवनीचा सगळा आधार हाच आहे. १९६८ मध्ये ढाक्यात नलिन आणि कॅश या डॉक्टरांनी रुग्णांवर हे दाखवून दिले, आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे द्रावण नातेवाइकांच्या हातून पाजायला सुरुवात केली. तिथले मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट असते. सोडिअम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल भरतात आणि एकूण कण २४५, म्हणजे रक्तापेक्षा किंचित कमी, जेणेकरून पाणी आतड्यातून रक्ताकडेच सरकावे. पाकीट नसल्यास १ लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चवीसाठी साखर वाढवू नये, लिटरचे पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवू नये आणि गोड शीतपेय पर्याय म्हणून देऊ नये: वाहक सगळे गुंतले की उरलेली साखर आतड्यातच राहते, तिथले द्रावण अतिपरासारी होते आणि पाणी उलट आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात.

सरावासाठी एक उदाहरण स्वतः सोडवावे. मूत्रपिंडात याच कुळातला एसजीएलटी-२ हा वाहक गाळलेले ग्लुकोज परत घेतो, आणि मधुमेहाच्या ज्या औषधांच्या नावांचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो, ती त्याला अडवतात. ग्लुकोज थरातून स्वतःहून परत जाऊ शकत नाही, वाहक बंद, म्हणजे ते लघवीतच राहणार. आणि त्या कणांमुळे पाणीही तिथे राहणार, म्हणून लघवीचे प्रमाण वाढणार. अशा रुग्णाच्या लघवीच्या तपासणीत साखर आढळते ती रक्तातली साखर फार वाढल्यामुळेच असते असे नाही; गोळी काम करत असली तरीही ती दिसते, म्हणून तपासणीच्या वेळी चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.